आधी पाणी, मग पातं

अमळनेरात आमचं सलून मटेरियलचं दुकान आहे. कात्र्या, कंगवे, पाण्याच्या फवारण्या, खुर्चीच्या गाद्या, तुरटीच्या वड्या, पावडरचे डबे आणि ब्लेड. वडिलांनी सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरी नदीच्या पात्रात, आरसे-कंगव्यांचं पाल टाकून धंदा सुरू केला. तेव्हापासून आमच्या घरात दाढीच्या सामानावर जितकं बोलणं होतं तितकं शेतीवरही होत नाही. त्यामुळे कोणी 'पारंपरिक वेट शेविंग', म्हणजे पाणी-फेस लावून जुन्या पद्धतीची दाढी, असं म्हटलं की माझे कान टवकारतात आणि थोडं हसूही येतं.

हे खूळ आता आमच्याकडेही पोचलंय. पुण्याला नोकरी करणारी, सणावाराला घरी येणारी पोरं दुकानात येतात आणि मोबाइलमधले फोटो दाखवतात. मेर्कूर या जर्मन कंपनीचा रेझर, फेदर या जपानी कंपनीची पाती, बॅजर या परदेशी प्राण्याच्या केसांचा ब्रश, लाकडी वाडगा. त्यातल्या एकानं मला विचारलं, "काका, तीन पात्यांचं कार्ट्रिज वापरलं तर ते ट्रॅडिशनल धरत नाहीत ना?" कोण धरत नाही, ते त्यालाही सांगता येईना. पण यावरून त्यांच्यात चांगलीच जुंपते म्हणे. एक पंथ म्हणतो उघडा वस्तरा तेवढा खरा. दुसरा म्हणतो दुधारी ब्लेडचा रेझर चालेल, पण त्याच्या पुढचं काही नको. तिसऱ्याला ट्यूबमधली क्रीमही बाटवलेली वाटते, त्याला वडीच हवी. उपासाला शेंगदाणे चालतात का, त्या वादासारखंच हे.

माझं म्हणणं असं की हा वाद पात्यावरून सोडवायला गेलात तर परंपरा हाती लागतच नाही, कारण पातं सतत बदलत आलंय. न बदललेली गोष्ट वेगळी आहे. पण आधी जुन्याचं बघू.

माझ्या आजोबांची दाढी बोरीकाठच्या खेड्यात, घराच्या ओट्यावर व्हायची. न्हावी आठवड्यातून एकदा यायचा आणि धोकटी उघडायचा. तिच्यात दोन वस्तरे, निसणा म्हणजे धारेचा दगड, चामड्याची पट्टी, कात्री, चिमटा, नखं काढायची नराणी आणि हाताएवढा आरसा. आरसा शेवटी बघायला, दाढी करताना नाही. शेजारी वाटीभर पाणी. बस्स. साबण नव्हता, ब्रश नव्हता. साबण कपड्यांना, तोही पुरवून पुरवून. न्हावी बोटं ओली करायचा आणि दाढी चोळत बसायचा, पुन्हा ओली, पुन्हा चोळ, गप्पा चालूच. "दाढी भिजनी का निम्मी व्हयनी," असं तो म्हणायचा, हे मी वडिलांच्या तोंडून ऐकलंय. मजुरी रोख नाही. खळं झालं की दादर ज्वारी नाहीतर बाजरी मोजून द्यायची. आजोबांनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या हातानं दाढी केली नाही.

म्हणजे आमच्या मुलखातली अस्सल जुनी दाढी घ्यायची तर ब्रश बाद, फेस बाद, साबण बाद, आणि न्हाणीघरात आरशापुढं एकट्यानं उभं राहणंही बाद. पुण्याच्या पोराच्या यादीत मग एक वस्तराच उरतो. तोही दुसऱ्याच्या हातात.

आणि त्या परंपरेत सगळ्यांना जागा नव्हती, हेही सांगायला हवं. गावगाड्यात दलित वस्तीतल्या माणसाच्या दाढीला न्हावी हात लावत नसे. ती माणसं एकमेकांच्या दाढ्या करत, मिळेल त्या पात्यानं. आमचे एक म्हातारे गिऱ्हाईक आहेत. त्यांचे वडील खेड्यातून प्रताप मिलमध्ये कामाला लागले आणि पहिल्या पगारातून त्यांनी काय घेतलं, तर रेझर, ब्रश आणि हातात धरायचा आरसा. बाबा सांगतात, "रेझरनी कोनी जात इचारी नही." आता या माणसाला कोणी येऊन सांगावं की वस्तरा हाच खरा आणि रेझर म्हणजे तडजोड! मला ते सांगवणार नाही.

रेझरचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याच्या डोक्यात आलं की पात्याला धार लावत बसण्यापेक्षा पातळ पत्र्याचं पातं करावं, बोथट झालं की टाकून द्यावं. पोलाद इतकं पातळ करून त्याला धार टिकवणं कोणाला जमेना. विल्यम निकर्सन नावाच्या इंजिनिअरनं त्याची यंत्रं बसवली. १९०३ साली विक्री सुरू झाली, आणि त्या अख्ख्या वर्षात खपले किती? ५१ रेझर आणि १६८ पाती. दुकानदार म्हणून हा आकडा मला फार धीर देतो. १९०४ मध्ये पेटंट मिळालं. पुढं पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पाती घेतली. घरी परतलेल्या त्या पोरांना आता न्हाव्याची गरज उरली नव्हती. वापरून फेकायची पहिली वस्तू म्हणून जिची ख्याती, ती आज टिकाऊ, जुन्या, संथ जगण्याची खूण म्हणून विकली जातेय. विकतो मीच, तेव्हा तक्रार नाही.

आमच्याकडे मात्र फेकणं इतकं सोपं नव्हतं. सुरुवातीची पाती साध्या पोलादाची. पुसून ठेवली नाहीत तर दुसऱ्या दिवशी गंज. १९६२ च्या सुमारास विल्किन्सन स्वोर्डनं स्टेनलेसची पाती बाजारात आणली, मग बाकीच्यांनाही आणावी लागली. वडील सांगतात, लोक काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला ब्लेड घासून घासून धार काढत आणि एका ब्लेडवर महिना ढकलत. नंतर तेच ब्लेड शिंप्याकडे शिवण उसवायला, आणि तिथून पोरांच्या पेन्सिलीला. टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक, सुपरमॅक्स, लेझर ही नावं खान्देशातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला आपल्या गाईंच्या नावांइतकी पाठ असतील.

आता न बदललेल्या गोष्टीकडे येतो. ती म्हणजे पाणी. आणि ते केसात मुरायला दिलेला वेळ.

केस कोरडा असताना चिवट असतो. दोन-तीन मिनिटं नीट भिजला की तो पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो आणि कापायला पुष्कळ कमी जोर लागतो. २०२० साली एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी दाढी करून ब्लेड सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. केस पोलादापेक्षा साधारण ५० पट मऊ, तरी पात्याच्या धारेला टवके उडतात. पोलाद आतून सगळीकडे सारखं नसतं, कुठं कडक कुठं मऊ, आणि अशा जागी केस तिरका आडवा आला की बारीकसा तुकडा निघतो. म्हणजे ब्लेड नुसतं झिजत नाही, तुटतं. गिऱ्हाईक मला म्हणतं ब्लेड खराब निघालं, तेव्हा मी आधी विचारतो, दाढी भिजवली होती का? बहुतेक जण तोंडावर पाण्याचा हबका मारतात आणि त्याला भिजवणं म्हणतात.

मग फेस कशाला? तर पाणी ओघळून जातं म्हणून. फेस पाण्याला गालावर धरून ठेवतो आणि पात्याला घसरायला वाट करून देतो. दाढीचा साबण अंगाच्या साबणापेक्षा वेगळा असतो तो यासाठीच. त्यात स्टिअरिक हे चरबीतलं आम्ल जास्त आणि त्याचा साबण पोटॅश या क्षारानं केलेला, त्यामुळे बुडबुडे बारीक येतात आणि टिकतात. अंगाच्या साबणाचे बुडबुडे मोठे, दिसायला भरपूर, अर्धा गाल होईस्तोवर विरलेले. ब्रश दोन कामं करतो. पाणी आणि हवा साबणात घोळवतो आणि खुंट उभे करून त्यांच्या बुडाशी पाणी पोचवतो. हाताच्या बोटांनी आजोबांचा न्हावी हेच करत होता. साबण नसताना त्यानं वेळ जास्त घातला, एवढाच फरक.

आमच्याकडे यात एक अडचण आहे, जी परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना कोणी सांगत नाही. बोअरचं पाणी. खाली काळा खडक, वर उन्हाळा, पाणी जड. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला कुरकुर करते त्यात दाढीच्या साबणालाही फेस धरत नाही. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला जाऊन चिकटतं आणि फेसाऐवजी पांढरा साका तयार होतो. तोच साका ब्रशच्या मुळाशी बसतो आणि रेझरमध्ये अडकतो. दुकानात मी दोन मग ठेवतो, एकात नळाचं पाणी, एकात शेजारच्या बोअरचं. एकच ब्रश, एकच वडी. फरक दाखवला की पुढं बोलावं लागत नाही. मी सांगतो, वाटीभर पिण्याचं पाणी घे, आरओचं असलं तरी चालेल. महागाचा साबण घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. हे सांगून माझं नुकसान होतं, पण पुन्हा गिऱ्हाईक तेच येतं.

गरम पाण्याचंही तसंच. जानेवारीत इथं हात गारठतात, तेव्हा पाणी कोमट करायला हवं. वैशाखात पारा ४५ ला टेकतो आणि दुपारी गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात बोट घालवत नाही, तेव्हा कसलं तापवणं? उलट माठातलं थोडं मिसळा, नाहीतर फेस गालावरच वाळतो.

वाटीभर पाण्यावरून आठवलं. जिलेटनं २००२ साली भारतासाठी व्हेक्टर नावाचा रेझर आणला. त्याची चाचणी घेतली अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय पोरांवर. तिथं सगळं झकास. इथं आल्यावर पात्यांत केस अडकू लागले. कारण तिथं नळ वाहता होता आणि इथला माणूस पाटावर नाहीतर उंबऱ्यात बसून एका वाटीत रेझर खळखळवत होता! आमच्या गल्लीत कोणालाही विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं. पुढं २०१० मध्ये त्यांनी गार्ड काढला. एकच पातं, धुवायला मोकळा, पंधरा रुपयांना रेझर आणि पाच रुपयांना कार्ट्रिज. तो खेड्यापाड्यात धडाधड गेला.

आता माझा निकाल ऐका. स्वस्तातला गार्ड, नायलॉनचा ब्रश, साबणाची वडी, वाटीत पाणी, आणि ओट्यावर उन्हात बसून पाच मिनिटं फेस घोळवणारा माणूस मी पारंपरिक धरतो. जर्मनीतल्या झोलिंगनचा हजारो रुपयांचा रेझर घेऊन डब्यातला फोम फिसकारणारा धरत नाही. डब्यातला फोम गॅसनं फुगलेला असतो. तो गालावर बसतो, केसाच्या बुडाशी कोणी त्याला नेत नाही. क्रीमची ट्यूब मला चालते, ब्रश लागत असेल तर. ब्रशशिवाय चोपडायची ती नाही. पुण्याचं पोर यावर नाराज झालं. त्याला रेझरवरून उत्तर हवं होतं.

याचा अर्थ रेझरला काही किंमत नाही असं नाही. मी स्वतः दुधारी ब्लेडचा, तीन तुकड्यांत उघडणारा रेझर वापरतो आणि तोच विकायला मला आवडतं. त्याचं कारण परंपरा नव्हे, जड पाणी. दोन, तीन, पाच पात्यांच्या मधल्या फटीत आमचा साका आणि केस मिळून लेप बसतो, तो कितीही आपटा निघत नाही. हा रेझर मळसूत्र फिरवून उघडला की धुऊन मोकळा. शिवाय अनेक पात्यांची गंमत अशी की पहिलं पातं केस ओढतं आणि तो आत जायच्या आत दुसरं त्याला कातडीच्या खाली कापतं. कुरळ्या दाढीवाल्यांचे केस मग आतल्या आतच वाढतात आणि मानेवर पुटकुळ्या. १९७१ मध्ये दोन पाती आली, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच. मानेची तक्रार घेऊन येणाऱ्या पोरांना मी एका पात्यावर आणतो आणि बहुतेकांना बरं वाटतं. पातं गालाशी साधारण तीस अंशात येईल असा दांडा धरायचा आणि जोर लावायचा नाही, रेझरचं वजनच पुरतं. कार्ट्रिजवरून आलेला माणूस सवयीनं दाबतो आणि हनुवटीवर रक्त काढतो.

सलूनवाल्यांना हे सगळं पोरखेळ वाटतं. आमचे एक जुने आबा आहेत, स्टेशनकडे त्यांची खुर्ची. ते म्हणतात, "उघडं पातं नही तं दाढी कसानी?" पण आबांच्या हातातला वस्तराही आता वस्तरा राहिलेला नाही. दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, टक् असा आवाज, आणि अर्धं पातं दांड्यात सरकवायचं. एड्सची भीती पसरली तेव्हा हा बदल झपाट्यानं झाला. गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या म्हणू लागलं, "ब्लेड नवं टाका." काही प्रकारची कावीळही तशीच पसरते, त्यामुळे ते योग्यच झालं. पण त्याबरोबर निसणा गेला आणि चामड्याची पट्टीही गेली. पट्टीवर वस्तरा फिरवणं म्हणजे धार लावणं नव्हे, वाकलेली धार सरळ करणं, धार निसण्यावर. हा फरक सांगणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी. नव्या कारागिरांनी खरा वस्तरा हातातही धरलेला नाही. म्हणून कोणी हौशी पोरगा थेट वस्तरा मागायला आला की मी आधी विचारतो, धार कोण लावून देणार? मग तो रेझरवर येतो.

आबांकडे एक गोष्ट मात्र अजून आहे, जी मोठ्या काचेच्या सलूनांत गेली. ते फेस ब्रशनं करतात, गालावर दोनदा लावतात आणि मध्ये चहा सांगतात. चहा येईपर्यंत दाढी भिजते. शेवटी तुरटीची ओली वडी फिरवतात. जिथं जास्त चरचरतं तिथं पातं जास्त लागलं, हे आरशापेक्षा तुरटी लवकर सांगते.

ब्रशबद्दल एक सूचना. माळकरी गिऱ्हाइकं हातात घेऊन पहिला प्रश्न विचारतात, "डुकरना केस तं नही ना भाऊ?" चांगल्या परदेशी ब्रशांत बहुधा डुकराचे किंवा बॅजरचे असतात. बॅजरचं कौतुक करणाऱ्यांनी तो प्राणी एकदा बघावा. मी नायलॉनचाच ठेवतो. मऊ नायलॉनचे ब्रश आता इतके चांगले येतात की ओल्या गालाला फरक कळत नाही, आणि वाळतातही लवकर. वापरून झाला की झटकायचा आणि केस खाली करून टांगायचा. उभा ठेवला तर पाणी मुळात उतरतं.

धंद्याचं म्हणाल तर वर्षाचं गणित पात्यांवर नाही, पंचांगावर चालतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी लग्नसराईत सलूनवाले पुडेच्या पुडे उचलतात. श्रावण लागला की ब्लेड बसून राहतात, पितृपक्षात पुन्हा तेच. आता त्यात दाढी राखायची फॅशन आलीय, म्हणजे पोरांचा बारमाही श्रावण. ट्रिमर पाण्याशिवाय चालतो, त्यामुळे माझ्या निकालात तो बसत नाही. पण विकतो, वॉरंटी कार्ड भरून देतो.

ब्रश मात्र कधीच बसून राहत नाहीत. सराफ बाजारातले कारागीर पटावरचा सोन्याचा कीस झाडायला नेतात, मोबाइल दुरुस्तीवाले धूळ काढायला नेतात, शिलाई मशीनवाले मशीनसाठी. माझ्याकडच्या दाढीच्या ब्रशांपैकी निम्म्यांना जन्मात पाणी लागत नाही. ते नेणाऱ्यांना मी साबण हवा का, असं विचारत नाही.